डबे, शाळा, ड्यूटी आणि पिंजऱ्यातली जोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बजरी, कॉकटेल, लव्हबर्ड आणि फिंच असे पिंजऱ्यातले छोटे पक्षी पाळणाऱ्या मराठवाड्यातल्या घरांसाठी हे पान आहे. सकाळी आठला डबे निघतात, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, अशा घरात पक्षी नीट कसे सांभाळायचे, एवढाच इथला विषय. पक्ष्याला दिवसभर माणूस लागत नाही. दाणा, पाणी, झोप आणि सोबत मात्र रोज, ठरल्या वेळी लागते. पुढची बहुतेक उत्तरं याच गोष्टीला धरून आहेत.

आम्ही दोघंही कामाला जातो, मुलं शाळा आणि ट्यूशनला. पक्षी पाळावेत का?

रोज सकाळी १५ मिनिटं आणि संध्याकाळी अर्धा तास कोणीतरी एक जण नक्की देणार असेल तर पाळा. 'ज्याला वेळ मिळेल तो बघेल' असं ठरत असेल तर नका पाळू. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही, आणि दोन दिवस रिकामी राहिलेली वाटी ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचा जीव घेते.

पक्षी निवडतानाच घराचा वेग लक्षात घ्या. फिंचना माणसाच्या हाताची गरज नसते. चार-सहा जणांचा थवा आपापसांत रमतो. बजरीची जोडीही दिवसा एकटी राहू शकते. कॉकटेल माणसाला फार लळा लावतो, म्हणून एकटा ठेवलेला कॉकटेल रिकाम्या घरात कुढतो. ग्रे पॅरट, मकाव, काकाकुवा असे मोठे पोपट अशा घरात आणूच नयेत.

आयुष्यही मोजा. बजरी साधारण ५ ते १० वर्षं जगते, लव्हबर्ड १० ते १५, कॉकटेल १५ ते २०. मुलगी सातवीत असताना हट्टाने घेतलेला कॉकटेल ती लातूरला कोचिंगला जाईल तेव्हा ऐन तारुण्यात असतो. त्यानंतर त्याचं कोण करणार, हे दुकानात जाण्याआधी घरात बोलून घ्या.

दुकानदार ज्याला लव्हबर्ड म्हणतो ती बजरीच ना?

बहुतेक वेळा हो. सडपातळ, लांब शेपटीचा, पाठीवर काळ्या लाटांसारख्या रेघा असलेला पक्षी म्हणजे बजरी. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा, गुबगुबीत आणि जाड चोचीचा असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर लव्हबर्ड बजरीचे पाय आणि चोच चावून तोडतो.

हिरवा पोपट किंवा मैना पाळली तर चालते का?

नाही. कंठाचा पोपट, मोठा पहाडी पोपट, मैना, मुनिया हे आपले रानपक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्यांना पकडणं, विकणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. 'आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे' हे कारण कायद्यापुढे टिकत नाही. जखमी पोपट सापडला तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

परदेशी पक्ष्यांचं वेगळं आहे. बजरी, कॉकटेल आणि पीच-फेस लव्हबर्ड यांना नोंदणी लागत नाही. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले फिशर आणि मास्क्ड लव्हबर्ड, तसेच मोठे पोपट साइटिस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीत येतात. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. घेतानाच दुकानदाराकडून पावती मागून घ्या.

रोजचं वेळापत्रक कसं बसवायचं?

सकाळी गॅसवर चहा ठेवला की पिंजऱ्यावरचं कापड काढा. आधी पक्ष्यांकडे नीट बघा: दोघंही वरच्या दांडीवर आहेत का, डोळे टवटवीत आहेत का, विष्ठा नेहमीसारखी आहे का. बजरीची निरोगी विष्ठा म्हणजे हिरवट गोळी आणि तिच्यावर पांढरा ठिपका. मग तळाचा वर्तमानपत्राचा कागद बदला. तीन-चार कागद एकावर एक घालून ठेवले तर रोज फक्त वरचा ओढायचा असतो. दोन्ही वाट्या धुवा, दाणे आणि पाणी ताजं भरा. हे सगळं १० मिनिटांत होतं. उरलेली ५ मिनिटं पालेभाजीची काडी लावायला आणि दोन शब्द बोलायला.

दुपारी कोणी घरात असेल, आजी किंवा शाळेतून लवकर येणारं मूल, तर त्यांच्याकडे एकच काम द्या: पाणी बदलणं आणि सकाळची भाजी काढून टाकणं. सहा वर्षांचं मूलही भाजीची काडी चिमट्याला लावू शकतं. पिंजऱ्याचं दार उघडण्याचं काम मात्र दहा वर्षांच्या आतल्या मुलाकडे देऊ नका.

संध्याकाळी सहा ते सात ही सोबतीची वेळ. यातल्या अर्ध्या तासात पक्षी बाहेर सोडा किंवा पिंजऱ्याशेजारी बसून भाजी निवडा. मटकी निवडत, मेथी खुडत पक्ष्याशी बोलत राहिलात तरी त्याला ती सोबतच वाटते. रविवारी पाऊण तास काढून पिंजरा, दांड्या, ट्रे गरम पाणी आणि साबणाने घासा, उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच पक्षी आत सोडा.

आठवडाभर दुर्लक्ष आणि रविवारी चार तास लाड, ही सवय वाईट. पक्षी तुमच्या येण्याची वेळ ओळखतो आणि ती चुकली की अस्वस्थ होतो. रोजची २० मिनिटं जमत असतील तर २०च द्या, पण वेळ हलवू नका.

वाटी भरलेली दिसत होती, तरी पक्षी उपाशी मेला असं डॉक्टर म्हणाले. हे कसं?

घाईच्या घरात ही चूक सगळ्यात जास्त होते. बजरी दाणा गिळत नाही. चोचीत फिरवून वरचं साल सोलते, आतला गर खाते आणि साल पुन्हा वाटीतच टाकते. संध्याकाळपर्यंत वाटीत वरपर्यंत जे दिसतं ते दाण्यांसारखंच पिवळसर आणि चकचकीत असतं, पण ती असतात नुसती फोलपटं. पक्षी वर बसून चोचीने उकरत राहतो आणि खालचे दाणे त्याच्या हाताला लागत नाहीत. घरचे लांबून बघतात आणि 'आहे की अजून' म्हणून निघून जातात.

म्हणून वाटी उचला आणि हलकेच फुंका. फोलपटं उडतील, दाणे राहतील. फुंकर मारताना वाटी पक्ष्यापासून लांब न्या आणि तोंड बाजूला ठेवा, भुसा नाकाडोळ्यांत जातो. खोल डबा वापरू नका, पसरट वाटी वापरा. फुंकून वर नवीन दाणे ओतण्यापेक्षा रोज वाटी पूर्ण रिकामी करून भरणं चांगलं. तळाशी साठलेला चुरा पावसाळ्यात बुरशी धरतो.

किती आणि काय खायला द्यायचं? घरातली ज्वारी-बाजरी चालेल का?

एका बजरीला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे दाणे पुरतात, कॉकटेलला दीड ते दोन मोठे चमचे. राळा आणि बाजरी हा मुख्य भाग, सोबत थोडी ज्वारी आणि नाचणी. करडई आणि सूर्यफूल कॉकटेलला फार आवडतं, पण दोन्हींत तेल भरपूर असतं. दिवसाला आठ-दहा दाण्यांच्या वर नको. नुसत्या तेलबियांवर वाढलेला पक्षी गोलमटोल दिसतो, पण त्याच्या यकृतात चरबी साठत जाते.

दाण्यांइतकीच हिरवी भाजी महत्त्वाची, कारण दाण्यांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी असतं. करडईची कोवळी भाजी, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, काकडी, आठवड्यातून दोनदा मोड आलेले मूग किंवा मटकी. पालक कमी द्या, तो कॅल्शियम अडवतो. कोणतीही भाजी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, फवारणीचा अंश बराच जातो. उन्हाळ्यात भाजी आणि मोड दोन तासांच्या वर पिंजऱ्यात ठेवू नका. आंबूस वास आला की फेकून द्या. समुद्रफेस, म्हणजे दुकानात मिळणारं कटलबोन, कायम अडकवून ठेवा.

आता घरच्या ज्वारीबद्दल. ती चालते, पण तिला काय लावलं आहे हे विचारल्याशिवाय एकही दाणा देऊ नका. साठवणीच्या धान्याला अनेक घरांत बोरिक पावडर चोळतात, पाऱ्याच्या टिकड्या घालतात, कोठारात धुरीच्या गोळ्या ठेवतात. माणूस धान्य पाखडून, धुऊन, दळून खातो. पक्षी तोच दाणा चोचीत घोळवतो. पेरणीचं उरलेलं बियाणं तर कधीच देऊ नका. त्यावरचा गुलाबी किंवा लाल थर हे बुरशीनाशक आणि कीटकनाशक असतं. पक्ष्यांसाठी सुगीतच दोन-चार किलो धान्य वेगळं काढा, कडक उन्हात वाळवा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कोरड्या कडुलिंबाच्या पाल्यासोबत ठेवा. जाळी धरलेलं, कुबट वासाचं धान्य टाकून द्या.

अव्होकाडो, चॉकलेट, चहा, कांदा, लसूण, फरसाण, लोणचं, सफरचंदाच्या बिया: यांतलं काहीही नको. पोळीचा कोरडा तुकडा कधीतरी चालतो, पण त्यावर पोट भरू देऊ नका.

आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. साठवलेलं पाणी पक्ष्यांना चालतं का?

चालतं, पण पिंपातलं नाही. पक्ष्यांसाठी दोन लिटरची झाकणाची वेगळी बाटली ठेवा आणि ती तुम्ही पिता त्याच गाळलेल्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने भरा. दोन पक्ष्यांना दिवसाला पाव लिटरही लागत नाही, त्यामुळे टंचाईतही हे पाणी काढणं जड जात नाही. टाकीत नुकतीच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल आणि उग्र वास येत असेल तर ते पाणी उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवून मग द्या.

पाणी दिवसातून दोनदा बदला, मेमध्ये तीनदा. वाटीच्या आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे, नुसतं विसळून तो जात नाही, घासावा लागतो. वाटी दांडीच्या खाली ठेवू नका, विष्ठा थेट पाण्यात पडते. पक्ष्याची अंघोळ हौद भरून नको. बशीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी किंवा धुतलेली ओली कोथिंबिरीची जुडी पुरे. बजरी त्या पाल्यात अंग घासून मजेत भिजते.

पिंजरा केवढा हवा आणि कुठे ठेवायचा?

बजरीच्या जोडीला कमीत कमी २४ इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच. कॉकटेलच्या जोडीला लांबी ३६ इंच. उंचीपेक्षा लांबी बघा, पक्षी आडवे उडतात. तारांमधलं अंतर बजरीला अर्धा इंच, कॉकटेलला पाऊण इंचाच्या आत. जत्रेत मिळणारा गोल, टोपीसारखा पिंजरा प्रवासालासुद्धा घेऊ नये.

सोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या गुळगुळीत, एकसारख्या जाडीच्या दांड्या काढून टाका, त्यांवर सतत बसून तळपायाला फोड येतात. कडुलिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत वेगवेगळ्या जाडीच्या, धुऊन वाळवून लावा. साल ठेवा, पक्षी ती सोलत बसतात.

जागा म्हणजे बैठकीच्या खोलीचा कोपरा. एक बाजू भिंतीला, उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी. स्वयंपाकघर, टीव्हीची शेजारची जागा, कुलरचा थेट झोत आणि पत्र्याखालची ओसरी टाळा. मुंग्या येत असतील तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. लक्ष्मणरेषा किंवा पावडर पिंजऱ्याजवळ मारू नका.

एप्रिल-मेमध्ये काय करायचं? दरवर्षी कोणाकडे ना कोणाकडे पक्षी मरतात.

पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो आणि पंख अंगापासून फाकवून उष्णता बाहेर टाकतो. खोलीतलं तापमान ३५ च्या वर गेलं की लक्ष ठेवा. ४० च्या पुढे, बंद पत्र्याच्या खोलीत, तासा-दोन तासांत पक्षी दगावू शकतो. सगळे कामाला गेलेले, खिडक्या बंद, दुपारी वीज गेलेली आणि कुलर थांबलेला, असं जुळून आलं की घात होतो.

म्हणून मार्चमध्येच घरातली सगळ्यात गार जागा शोधा. भिंतीवरचं साधं थर्मामीटर दीडशे-दोनशे रुपयांत मिळतं. ते तीन दिवस दुपारी तीन वाजता वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून बघा. बहुतेक घरांत खालच्या मजल्यावरची, पूर्वेची किंवा उत्तरेची खोली पाच-सहा अंशांनी गार निघते. जुन्या वाड्यातली माळवदाची खोली यासाठी उत्तम. उन्हाळाभर दिवसाचा मुक्काम तिथेच. पश्चिमेच्या खिडकीला ओलं पोतं किंवा वाळ्याचा पडदा, पण वारा खेळता ठेवा. ओलावा आणि बंद हवा एकत्र आली तर उकाडा वाढतो. कुलर चालवत असाल तर हवा पक्ष्याच्या बाजूने जाऊ द्या, अंगावर नको. कुलरच्या गवताच्या जाळ्या हंगामाच्या सुरुवातीला बदला, जुन्या जाळीतली बुरशी पक्ष्याच्या फुप्फुसात जाते.

घरी कोणी नसताना वीज गेली तरी चालेल अशी तयारी हवी. दोन पाण्याच्या वाट्या, पिंजऱ्याच्या बाहेरून एका बाजूला ओलसर सुती कापड, आणि कापडाशेजारी पाण्याने भरलेला मातीचा माठ. पक्षी स्वतः गार बाजू निवडतो, म्हणून पिंजऱ्याची दुसरी बाजू मोकळी ठेवा. शेजाऱ्यांकडे एक किल्ली देऊन दुपारी दोनला एकदा डोकावायला सांगितलं तर सगळ्यात उत्तम.

पक्षी धापा टाकताना दिसला तर लगेच गार खोलीत न्या. साध्या पाण्याने पाय आणि पंखांखालची जागा ओली करा, पंख्याचा सौम्य वारा लांबून द्या. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी अंगावर घालू नका, धक्का बसतो. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. चोचीच्या कडेला बोटाने थेंब लावा, शुद्धीवर असेल तर तो चाटतो.

हिवाळा विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत परभणी-नांदेडकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा पिंजरा तीन बाजूंनी जाड चादरीने झाका, चौथी बाजू हवेसाठी उघडी ठेवा.

पक्षी खोलीत मोकळा सोडताना काय बघायचं?

आधी पंखा बंद. घरात पाळलेल्या पक्ष्यांचा छताच्या पंख्याइतका मोठा शत्रू दुसरा नाही. आपल्याकडे पंखा बारा महिने फिरतो, त्यामुळे तो चालू असल्याचं भान राहत नाही. पक्षी सोडण्याच्या वेळी बटणावर रंगीत चिकटपट्टी लावायची, असा घरात नियमच करा. मग खिडक्या, दार, आरशावर चादर, बादल्या-पातेल्यांवर झाकण, मांजर बाहेर. पक्षी पुन्हा आत आणण्यासाठी त्याच्यामागे धावू नका. बाहेर सोडण्याआधी दाणे थोडे कमी ठेवा, राळ्याचं कणीस पिंजऱ्यात अडकवा, तो आपणहून आत जातो.

पंख कापण्याच्या आम्ही विरोधात आहोत. उडणं हा त्याचा व्यायाम आहे, आणि अर्धवट कापलेल्या पंखांनी तो भिंतीवर आदळतो.

फोडणीचा ठसका, उदबत्ती, मच्छर कॉइल यांनी काही होतं का?

होतं. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि तो हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा जास्त कार्यक्षमतेने खेचतो. विषारी वायूही तितकाच झपाट्याने आत जातो. सर्वांत घातक म्हणजे नॉनस्टिक तवा. रिकामा तवा गॅसवर विसरला आणि तो तापत गेला की त्याच्या थरातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरतो. माणसाला वासही येत नाही. पक्षी असलेल्या घरात बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरा, भाकरीला तसाही तोच बरा.

ठेचा परतताना, मिरच्या भाजताना स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा. कॉइल, डांबरगोळ्या, धूप, रूम फ्रेशनर, झुरळांचा स्प्रे पिंजऱ्याच्या खोलीत नको. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. दिवाळीआधी रंगकाम निघालं तर पक्षी आठवडाभर दुसऱ्या घरी पाठवा.

एकच पक्षी ठेवावा की जोडी?

दिवसा घर रिकामं असेल तर जोडी. आरसा लावून फसवू नका. एकटी बजरी आरशातल्या पक्ष्याला दाणे भरवत बसते, पुन्हा पुन्हा ओकते आणि वजन घटतं.

पिल्लं नको असतील तर पिंजऱ्यात घरट्याचं मडकं लावू नका. मडकं दिसलं की अंडी सुरू होतात, आणि कॅल्शियम कमी असलेल्या मादीचं अंडं अडकून ती मरू शकते. दोन नर ठेवणं सगळ्यात सोपं. मोठ्या बजरीत चोचीवरचा मांसल भाग नराचा निळा आणि मादीचा तपकिरी किंवा पांढरट असतो. पूर्ण पिवळ्या आणि पांढऱ्या नरांत मात्र तो गुलाबी-जांभळटच राहतो, तिथे घेताना फसगत होते.

आम्ही नसताना ते दिवसभर काय करतील? टीव्ही लावून ठेवू का?

हळू आवाजात रेडिओ चालेल, टीव्ही कशाला? त्यांना काम द्या. रानात पक्ष्याचा अर्धा दिवस अन्न शोधण्यात जातो. पिंजऱ्यात तेच अन्न दोन मिनिटांत समोर येतं आणि बाकीचा दिवस रिकामा राहतो. न फवारलेलं ज्वारीचं अख्खं कणीस देठाने उलटं टांगा. बजरी त्याला लटकून, एकेक दाणा काढून, बोंडं कुरतडून दोन-तीन तास गुंतते. कणीस डोलतं, ती पकड बदलते, मान वाकडी करून खालून दाणा काढते: हा तिचा खरा व्यायाम. कणसं नसतील तेव्हा दाणे कागदाच्या पुडीत बांधून अडकवा, किंवा कडब्याच्या तुकड्यांत लपवा. सुती दोऱ्यांची आणि सुटे धागे निघालेली खेळणी काढून टाका, नख अडकून पाय मोडतो.

रात्री अकरापर्यंत आमच्याकडे दिवे आणि टीव्ही चालू असतो.

मग पक्ष्यांना संध्याकाळी साडेसातलाच आतल्या खोलीत न्या. त्यांना १० ते १२ तास शांत, अंधारी झोप लागते. ती मोडली की चिडचिड, चावे आणि अवेळी अंडी सुरू होतात. कॉकटेल अंधारात दचकून फडफडतो आणि पंख रक्ताळतो, त्याच्या खोलीत अगदी मंद दिवा ठेवा. गणपती, वरात, डीजेच्या दिवसांत घराच्या मागच्या खोलीत, झाकलेल्या पिंजऱ्यात.

आम्ही घरात आलो की सारखा ओरडतो. पिसंही उपटतो.

ओरडला की धावत जाण्याची सवय तुम्हीच लावलेली असते. घरात येताच एक ठरलेली शीळ घाला, त्याने उत्तर दिलं की जवळ जा. किंकाळ्या चालू असताना जाऊ नका, दहा सेकंद शांत झाला की लगेच जा. पंधरा दिवसांत फरक पडतो. पिसं उपटण्यामागे उवा-किडे, अ जीवनसत्त्वाची कमतरता, अपुरी झोप किंवा एकटेपण असतं. आधी डॉक्टर, मग बाकीचे उपाय.

दोन दिवस गावाकडे लग्नाला जायचंय.

एक रात्र असेल तर दोन वाट्या दाणे, दोन पाणी, आणि निघता येतं, उन्हाळा नसेल तर. दुसऱ्या दिवसापासून रोज कोणीतरी यायलाच हवं. येणाऱ्याला निघण्याआधी समोर उभं करून वाटी फुंकायला लावा, तोंडी सांगून हे कळत नाही. सोबत नेणार असाल तर छोटा मजबूत पिंजरा, वरून सुती कापड आणि पहाटेचा प्रवास. पाण्याची वाटी सांडते, म्हणून काकडीचा जाड तुकडा अडकवा. उभ्या गाडीत पक्षी पाच मिनिटंही सोडू नका.

आजारी आहे हे कसं ओळखायचं आणि कुठे न्यायचं?

पक्षी दुखणं लपवतो. पिसं फुगवून तळाशी बसला, श्वासागणिक शेपटी वरखाली होऊ लागली, विष्ठा पाण्यासारखी झाली, तर उद्यावर ढकलू नका. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि दर रविवारी वजन लिहा. ३५ ग्रॅमच्या बजरीचं वजन ३ ते ४ ग्रॅमने उतरलं तर ती आजारी आहे, दिसो वा न दिसो.

दवाखान्यात नेईपर्यंत पिंजऱ्याच्या बाहेर एका बाजूला ६० वॅटचा साधा बल्ब लावून ऊब द्या, दुसरी बाजू गार राहू द्या. परभणी आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पक्षी धडधाकट असतानाच जवळ पक्षी तपासणारे डॉक्टर कोण, हे विचारून नंबर लिहून ठेवा. कोंबड्यांचं किंवा माणसांचं औषध अंदाजाने देऊ नका.

घरात तान्हं बाळ किंवा दमेकरी असेल तर?

पिंजरा वेगळ्या खोलीत. कॉकटेलच्या अंगावरची पांढरी भुकटी दमेकऱ्याला त्रास देते. विष्ठा कोरडी झाडू नका, कागद आधी ओला करा. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा ताप माणसाला होऊ शकतो. हात साबणाने धुवा, पक्ष्याला तोंडाने भरवू नका. ताप आणि कोरडा खोकला आला तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

बर्ड फ्लूची बातमी आली की पक्षी सोडून द्यावेत का?

मुळीच नाही. सोडलेली बजरी रानात जगत नाही. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात जानेवारी २०२१ मध्ये कोंबड्या दगावल्या, उदगीरमध्ये २०२५ च्या सुरुवातीला कावळे. अशा वेळी पिंजरा गच्चीवर किंवा अंगणात ठेवू नका, कावळे-कबुतरांची विष्ठा त्यावर पडता कामा नये. कोंबड्या पाळत असाल तर त्यांच्याकडचं काम झाल्यावर कपडे आणि चपला बदलूनच पक्ष्यांकडे जा. इतर दिवसांत सकाळचं कोवळं ऊन १५ मिनिटं जरूर द्या, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून आणि शेजारी बसून. काचेतून आलेलं ऊन ड जीवनसत्त्वासाठी उपयोगाचं नाही.

पक्षी उडून गेला. आता?

कुठे बसला ते बघत राहा आणि एकाला पिंजरा आणायला पाठवा. पिंजरा दार उघडं ठेवून गच्चीवर किंवा कुंपणावर ठेवा, शक्य असेल तर जोडीदार दुसऱ्या बंद पिंजऱ्यात शेजारी. त्याची हाक सगळ्यात लांब जाते. दाण्यांची वाटी वाजवा, रोजची शीळ घाला. पहिल्या दिवशी घाबरलेला पक्षी उंच झाडावर गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे आणि सूर्यास्ताआधीच्या तासात भुकेने खाली उतरतो. दगड मारून किंवा झाड हलवून उडवू नका, पुढच्या गल्लीत गेला की शोधणं अवघड होतं. आसपासच्या दुकानांत आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाका. रात्र झाली तर पिंजरा तसाच ठेवा, पण मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर. पहाटे साडेपाचला पुन्हा शीळ सुरू करा.